'माय फेअर लेडी' : फुलवालीवाचून फुलराणी

जॉर्ज क्यूकर या दिग्दर्शकाचा 'माय फेअर लेडी' (१९६४) हा चित्रपट हॉलिवूडच्या संगीतिकांच्या इतिहासात मानाच्या स्थानी बसवला जातो. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेता यांसह आठ ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली. सेसिल बीटनची वेशभूषा, लर्नर आणि लोव या जोडीची गाणी, रेक्स हॅरिसनचा प्रोफेसर हिगिन्स यांची स्तुती अजूनही होत असते. एवढे वैभव डोळ्यांखालून गेल्यावर प्रेक्षकाच्या हाती काय उरते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. आमच्या मते हाती निराशा उरते, आणि तिचे मूळ एखाद्या कोपऱ्यात नसून चित्रपटाच्या केंद्रस्थानीच आहे. एलायझा डूलिटल या फुलवालीच्या भूमिकेसाठी ऑड्री हेपबर्नची झालेली निवड हे ते मूळ होय.

ही निवड पहिल्या दिवसापासून वादग्रस्त होती, हे खरे. पण तो वाद बहुतांशी 'हेपबर्न की ज्यूली अँड्र्यूज' अशा दोन तारकांच्या तुलनेत अडकून पडला. रंगभूमीवर जिने ही भूमिका गाजवली तिला डावलले, मग त्याच वर्षी तिला 'मेरी पॉपिन्स'साठी ऑस्कर मिळाले आणि हेपबर्नला साधे नामांकनही मिळाले नाही, ही हकिकत चवीने सांगितली जाते. हकिकत खरी आहे. पण तिने सिद्ध काहीच होत नाही. 'मेरी पॉपिन्स' ही सर्वस्वी वेगळी भूमिका, आणि अँड्र्यूजची एलायझा पडद्यावर कशी दिसली असती हे आता कोणीही सांगू शकणार नाही. साहित्याच्या अभ्यासकाने विचारायचा प्रश्न निराळा आहे. एका विशिष्ट नटीच्या निवडीमुळे मूळ संहितेच्या अर्थाचे काय झाले? आम्हाला असे वाटते की तो अर्थ उलटा झाला.

त्यासाठी आधी शॉच्या नाटकाकडे जायला हवे. 'पिग्मॅलियन' प्रथम १९१३ साली व्हिएन्नात जर्मन भाषेत रंगमंचावर आले आणि १९१४ साली लंडनला. शॉने या नाटकाला पाच अंकी 'रोमान्स' म्हटले, पण त्याच्या प्रस्तावनेचा विषय प्रेम नाही, ध्वनिशास्त्र आहे. इंग्रज माणसाने तोंड उघडले की दुसरा इंग्रज त्याला तुच्छ लेखू लागतो, ही त्याची तक्रार आहे. आणि फुलवालीत घडलेला बदल अशक्य तर नाहीच, विरळाही नाही, हे त्याचे आग्रहाचे सांगणे आहे. थोडक्यात, सरदारीण आणि फुलवाली यांच्यातले अंतर रक्तात नसून उच्चारात आहे, आणि उच्चार शिकता येतो. वर्गभेदाचा सगळा डोलारा स्वर-व्यंजनांच्या एवढ्याशा फरकावर उभा असल्याचे दाखवून शॉ त्या डोलाऱ्यालाच हसतो.

हे हसू साधायचे तर एक अट पाळावी लागते. पहिल्या अंकातली फुलवाली खरोखर फुलवाली असली पाहिजे. कॉव्हेंट गार्डनच्या पावसात भिजणारी, गलिच्छ, भांडखोर, घाबरट आणि तरीही व्यवहारात पक्की अशी ती मुलगी पाहून प्रेक्षकागृहातल्या सभ्य माणसांनी नकळत पाय मागे घ्यायला हवेत. 'हिचे काही होणे शक्य नाही' असे त्यांना मनापासून वाटले, तरच पुढे दूतावासातल्या समारंभात तिला राजकन्या समजणाऱ्यांबरोबर तेही फसतात, आणि फसल्यावर आपल्या पहिल्या मताची त्यांना लाज वाटते. ही लाज हेच नाटकाचे फळ. फुलवाली खोटी वाटली तर फसवणूक नाही, आणि फसवणूक नाही तर लाजही नाही.

आता चित्रपटाकडे वळू. रंगभूमीवरची संगीतिका १५ मार्च १९५६ रोजी ब्रॉडवेवर आली आणि तिचे २,७१७ प्रयोग झाले. तिच्या चित्रपटाचे हक्क जॅक वॉर्नर या निर्मात्याने ५५ लाख डॉलर मोजून घेतले. एकूण खर्च १ कोटी ७० लाखांच्या घरात गेला. त्या काळाच्या मानाने ही रक्कम डोळे विस्फारावी अशीच होती. एवढे भांडवल गुंतवणाऱ्याला धोका नको असतो. अँड्र्यूजने तोपर्यंत एकाही चित्रपटात काम केलेले नव्हते. गावोगावच्या प्रेक्षकाला तिचा चेहरा ठाऊक नव्हता. हेपबर्नचा चेहरा जगाला ठाऊक होता. वॉर्नरने तिला १० लाख डॉलर दिले. व्यापाराच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, कारण चित्रपट चाललाही. पण ज्या ओळखीच्या चेहऱ्यासाठी पैसे मोजले, तो चेहराच या कथेला नको होता.

हेपबर्नच्या चेहऱ्याची ओळख कशाची होती, ते पाहा. 'रोमन हॉलिडे' (१९५३) मध्ये ती राजकन्या आहे. एक दिवस सामान्य मुलीसारखी भटकते, पण तिचे राजकन्यापण केसांची लांबी कमी केल्याने लपत नाही. 'सॅब्रिना' (१९५४) मध्ये ती मोटारचालकाची मुलगी आहे. पॅरिसहून परतते तेव्हा सारे तिच्याकडे पाहत राहतात, आणि प्रेक्षकाला मुळीच आश्चर्य वाटत नाही, कारण ती आधीपासूनच तशी असल्याचे त्याला ठाऊक असते. लांब मान, ताठ कणा, नर्तिकेची चाल आणि कोणत्या देशाचा आहे ते ओळखू न येणारा, पण कोणत्या वर्गाचा आहे ते हमखास ओळखू येणारा उच्चार. दहा वर्षांत हॉलिवूडने या साऱ्याचे एक चिन्ह बनवले होते. हेपबर्न म्हणजे जन्मजात डौल, हे समीकरण प्रेक्षक तिकिटाबरोबरच घेऊन आत येत असे.

अशी नटी चेहऱ्यावर काजळी फासून पावसात उभी राहते, तेव्हा आपल्याला काजळी दिसते. फुलवाली दिसत नाही. ती ओरडते, रडते, नाक पुसते, हेल काढते; मेहनत कुठेही कमी नाही. पण प्रत्येक किंकाळीमागे 'पाहा, मी किती वेगळी वाटते आहे' असा एक सूर ऐकू येत राहतो. डोळे, गळा, मनगटाची हालचाल ओरडण्याला साथ देत नाहीत. आमच्या वर्गांतला अनुभव असा की हा प्रसंग दाखवला की विद्यार्थी हसतात, पण ते हसणे लाडाचे असते. कोणी अवघडून जात नाही, पाय मागे घेत नाही. मोठ्या घरची मुलगी स्नेहसंमेलनात भिकारणीचे सोंग आणते तेव्हा पालक जसे कौतुकाने हसतात, तसे ते हसणे आहे.

याचा परिणाम पुढच्या संपूर्ण कथेवर होतो. हिगिन्सच्या घरातले कष्टाचे महिने, पुन्हा पुन्हा गिरवलेले स्वर, तोंडात घातलेल्या गोट्या यांतून काही नवे घडते आहे असे वाटतच नाही. जे झाकले होते ते उघडे पडते आहे, एवढेच वाटते. दूतावासाच्या समारंभासाठी पांढरा झगा घालून हेपबर्न जिना उतरते तेव्हा हिगिन्स आणि पिकरिंग थक्क होतात. आपण होत नाही. आपण मनात म्हणतो, 'आली एकदाची ऑड्री हेपबर्न!' तासाभराहून अधिक काळ काजळीआड दडवलेली आपली तारका परत मिळाल्याचा तो आनंद असतो. शॉने सांगितलेली गोष्ट इथे सिंड्रेलाच्या गोष्टीत विरघळते. सिंड्रेला मुळात चांगल्या घरातलीच असते. राखेत बसणे हा तिच्यावरचा अन्याय असतो, आणि चप्पल तिच्याच पायात बसते हा तिच्या मूळ योग्यतेचा पुरावा. शॉला नेमकी ही 'मूळ योग्यता'च नाकारायची होती.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. फुलवाली साकारायला फुलवालीच्याच पोटी जन्मावे लागते काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. तसे म्हणणे म्हणजे शॉने फेटाळलेली रक्ताची कल्पना मागच्या दाराने आत घेणे होय. वयाचाही प्रश्न नाही. शॉच्या सूचनेप्रमाणे एलायझा अठरा-वीस वर्षांची आहे. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा हेपबर्न पस्तिशीची होती, म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की १९१४ साली लंडनच्या पहिल्या प्रयोगातली एलायझा, मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल, एकोणपन्नास वर्षांची होती आणि ती भूमिका तिच्यासाठीच लिहिलेली होती.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. पु. ल. देशपांडे यांनी 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिले. ते १९७५ साली रंगमंचावर आले. त्यातल्या मंजुळेची भूमिका भक्ती बर्वे यांनी केली. बर्वे या दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातल्या वृत्तनिवेदिका, म्हणजे प्रमाण मराठीचा स्वच्छ, घोटीव उच्चार हीच त्यांची ओळख. या दृष्टीने पाहिले तर हेपबर्नइतक्याच त्याही 'सुसंस्कृत' आवाजाच्या धनी होत्या. तरीही त्यांची मंजुळा आरंभी पुरती मंजुळाच वाटे, कारण त्या बोलीकडे सोंग म्हणून पाहत नव्हत्या. मास्तराला धडा शिकवण्याच्या त्या प्रसिद्ध स्वगतात बोलीचा ठसका आणि अपमानाची आग एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही. तिथे बोली हीच मंजुळेच्या रागाची भाषा आहे. नटीच्या जन्माचा किंवा शिक्षणाचा इथे काही संबंध उरत नाही. भूमिकेच्या कोणत्या अर्ध्या भागावर तिचा विश्वास आहे, एवढेच महत्त्वाचे ठरते. बर्वे यांचा दोन्ही अर्ध्यांवर होता. हेपबर्नचा, किंवा तिला तसे दाखवणाऱ्या चित्रपटाचा, केवळ दुसऱ्या अर्ध्यावर आहे.

इंग्रजीतही दाखला आहे. अँथनी ॲस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड यांनी दिग्दर्शित केलेल्या १९३८ सालच्या 'पिग्मॅलियन' चित्रपटात वेंडी हिलरने एलायझा केली. हिलरचा चेहरा मुळात मोहक ठरवलेला नाही. आरंभीच्या प्रसंगांत तो राठ, संशयी, कोंडलेल्या जनावरासारखा दिसतो, आणि समारंभात झोपेत चालणाऱ्या माणसासारखा निश्चल होतो. दुसऱ्या चेहऱ्याखाली पहिला दबलेला आहे, हे आपण क्षणभरही विसरत नाही. तिच्या यशाला म्हणूनच धोक्याची धार आहे.

निवडीच्या चुकीचे खरे गांभीर्य मात्र चेहऱ्यापेक्षा आवाजात आहे. हेपबर्नने आपली गाणी स्वतः गाण्याची तयारी केली, ध्वनिमुद्रणही केले. पण अखेर बहुतेक गाण्यांसाठी मार्नी निक्सन या गायिकेचा आवाज वापरण्यात आला. निक्सनने याआधी 'द किंग अँड आय' (१९५६) मध्ये डेबोरा कर आणि 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) मध्ये नॅटली वुड यांच्यासाठी गायिले होते. तिचा आवाज सुरेख आहे, यात शंका नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. 'माय फेअर लेडी' ही एका मुलीच्या आवाजाची कथा. तो आवाज प्रथम कसा होता, मग कसा झाला, आणि तो कोणाच्या मालकीचा, याखेरीज या कथेत दुसरा विषय नाही. अशा चित्रपटात नायिकेचा गळाच परका आहे. फुटपाथवरच्या पहिल्याच गाण्यात, हिगिन्सच्या शिकवणीचा वाराही लागण्याआधी, एलायझाच्या तोंडून तालीम घेतलेला, गोल, निर्मळ स्वर उमटतो आणि बोलीचे उच्चार त्यावर वरून चिकटवल्यासारखे वाटतात. शिकवायला काही उरलेच नाही, असे कानांनाही कळते.

रंगभूमीवर अँड्र्यूजही तालीम घेतलेल्या गळ्यानेच गात होती, हे मान्य. पण तिथे ओरडणारा आणि गाणारा गळा एकच होता. शिव्या देता देता सुरावर चढणाऱ्या मुलीच्या आत हे सामर्थ्य दडलेले आहे, असा अर्थ त्यातून निघू शकत होता. दोन गळ्यांच्या सांध्यावर तो अर्थ तुटतो. आमचे म्हणणे पटवायला चित्रपटातच एक पुरावा सापडतो. 'जस्ट यू वेट' या सूडाच्या गाण्याच्या काही भागात हेपबर्नचा स्वतःचा आवाज राहिलेला आहे. तो पातळ आहे, कडवट आहे, वरच्या पट्टीत थकतो. आणि तिथेच, त्या ओळींपुरती, एलायझा जिवंत वाटते. मनातल्या मनात मास्तराला फासावर चढवणाऱ्या मुलीचा आवाज असाच असणार. 'ब्रेकफास्ट अॅट टिफनीज' (१९६१) मधले तिचे खिडकीतले गाणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या लहानशा आवाजाची ताकद वेगळी सांगायला नको. म्हणजे, जिला एका अर्ध्या भूमिकेसाठी चुकीने निवडले, तिच्याकडचा त्या अर्ध्याला उपयोगी पडू शकणारा एकमेव गुणही चित्रपटाने पुसून टाकला.

याच चित्रपटात रेक्स हॅरिसनला काय मुभा मिळाली, ते पाहिले की अन्याय अधिकच उघडा पडतो. हॅरिसन रूढ अर्थाने गायक नव्हता. तो शब्द तालात बोलत असे. आधी ध्वनिमुद्रण करून नंतर ओठ हलवायला त्याने नकार दिला, म्हणून त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवून त्याची गाणी चित्रीकरणाच्या वेळीच टिपली गेली. न गाणाऱ्या पुरुषाचा आवाज जपण्यासाठी तंत्रज्ञान वाकवले गेले, आणि गाऊ इच्छिणाऱ्या स्त्रीचा आवाज बदलून टाकला गेला. एलायझाला 'नीट' बोलायला लावणारा हिगिन्स पडद्यावर एकच दिसतो. पडद्यामागे तसे अनेक होते.

मराठी वाचक इथे विचारील की पार्श्वगायनावर पोसलेल्या आपल्या कानांनी निक्सनच्या नावाने बोटे का मोडावीत? उत्तर दुहेरी आहे. आपल्या चित्रपटांत पार्श्वगायन हा उघड संकेत आहे. पडद्यावरचा चेहरा आणि ध्वनिमुद्रिकेवरचे नाव वेगळे असणार हे प्रेक्षकाला माहीत असते, आणि गायिकेची कीर्ती नटीइतकीच, कधी तिच्याहून मोठी असते. निक्सनचे नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नव्हते. तिचा आवाज हेपबर्नचाच समजला जावा, अशी योजना होती. दुसरे असे की संकेत चालतो तो कथेने त्याला हात लावला नाही तोवरच. इथे कथाच आवाजाच्या मालकीवर बोट ठेवते. संगीत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला हे अधिक सहज कळायला हवे. बालगंधर्व स्त्रीवेषात उभे राहत तेव्हा वेष उसना असे, पण गळा त्यांचा स्वतःचा असे. आणि त्या गळ्याच्या खरेपणावरच वेषाचा सारा संकेत तोलला जाई.

चित्रपटाचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांत रंगवलेला ॲस्कॉटच्या शर्यतीचा प्रसंग हा बीटनच्या कल्पकतेचा नमुना आहे. उच्चभ्रू समाजाचा गोठलेपणा त्या रंगांतूनच कळतो. याच प्रसंगात हेपबर्न उत्तम आहे. उच्चार निर्दोष झाला आहे, पण बोलण्याचा विषय अजून गल्लीतला आहे, अशा अवस्थेत ती आपल्या मावशीच्या मृत्यूची संशयास्पद कहाणी चहाच्या पेल्यावर जी गंभीरपणे ऐकवते, तो विनोद तिने नेमका पेलला आहे. समारंभानंतरच्या रात्रीही ती खरी वाटते. हिगिन्स आणि पिकरिंग एकमेकांचे अभिनंदन करत असतात आणि जिने सारे केले ती खोलीच्या कडेला सामानासारखी उभी असते. तिथे हेपबर्नचे मौन बोलते. सरदारीण झाल्यावर ती उत्तमच आहे. पण हे गुणही आमच्याच म्हणण्याला बळ देतात : ही नटी कथेच्या मध्यावर येऊन पोहोचलेली आहे, तिने वाट चाललेली नाही.

क्यूकरचे दिग्दर्शन ही उणीव भरून काढत नाही. जवळजवळ १७० मिनिटांचा हा चित्रपट संपूर्ण स्टुडिओत चित्रित झाला, आणि ते सतत जाणवते. तीनच वर्षे आधी 'वेस्ट साइड स्टोरी'ने आपला आरंभ न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर केला होता. इथे कॉव्हेंट गार्डनचा चिखलसुद्धा झाडून-पुसून ठेवल्यासारखा दिसतो. महाग किमतीला घेतलेली वस्तू जशी हात न लावता कपाटात ठेवावी, तशी ही संगीतिका पडद्यावर ठेवली आहे. अशा स्वच्छ चिखलात उभी असलेली स्वच्छ फुलवाली कोणाला खटकणार?

आणि आता शेवट. शॉने नाटकाच्या शेवटी एलायझाला हिगिन्सच्या घराबाहेर काढले, आणि प्रेक्षकांनी दोघांचे लग्न मनातल्या मनात लावू नये म्हणून पुढे एक उत्तरकथा लिहून ती फ्रेडीशी लग्न करते हे स्पष्ट सांगितले. त्याच्या हयातीतच नटांनी आणि निर्मात्यांनी हा शेवट वाकवायला सुरुवात केली. १९३८ च्या चित्रपटात ती परत येते, संगीतिकेने तोच शेवट उचलला, आणि १९६४ चा चित्रपट त्यावरच थांबतो. ती परतते, हिगिन्स तिला सपाता कुठे आहेत ते विचारतो. म्हणजे दोष एकट्या हेपबर्नच्या निवडीचा नाही. पण हा शेवट इतका गोड, इतका स्वाभाविक वाटतो, त्याला ही निवड मोठी मदत करते. नाटकातल्या एलायझापुढचा प्रश्न जीवघेणा आहे. पूर्वी ती फुले विकत होती, स्वतःला नाही. आता सरदारीण बनल्यावर तिच्यापाशी विकायला स्वतःखेरीज काही उरलेले नाही, असे ती सुनावते. जुन्या वस्तीत ती परत जाऊ शकत नाही, नव्या समाजात तिला जागा नाही. हेपबर्नच्या बाबतीत हा प्रश्नच उठत नाही. तिची जागा दिवाणखान्यातच आहे, हे आपण पहिल्यापासून जाणतो. तिचे परतणे म्हणजे घरी येणे. एलायझाचे परतणे मात्र शरणागती ठरले असते.

साठ वर्षांपूर्वीच्या एका करमणुकीच्या चित्रपटाशी एवढा वाद घालण्याचे कारण आम्ही भाषा शिकवतो हे आहे. इंग्लंडात उच्चार वर्ग सांगतो. आपल्याकडे तो वर्गाबरोबर जात सांगतो, जिल्हा सांगतो, नदीचा काठही सांगतो. 'पाणी'चे 'पानी' करणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेला समोर बसतो तेव्हा त्याने कवितेविषयी काय म्हटले हे ऐकण्याआधी काही परीक्षकांचे गुण ठरलेले असतात. पुढे तोच विद्यार्थी नेट-सेट होऊन, शुद्ध बोलत, चर्चासत्रात निबंध वाचतो, आणि तेव्हा 'त्याच्यात मुळातच काहीतरी होते' असे कौतुक होते. हे कौतुक आम्हाला खोटे वाटते. 'मुळातच होते' असे म्हटले की ज्यांच्यात 'मुळात' काही दिसले नाही त्या उरलेल्या पन्नासजणांची जबाबदारी टळते. शिवाय त्या एकाचे कष्टही नाकारले जातात. एलायझा हिगिन्सच्या दारी स्वतःहून आली होती, फीचा शिलिंग मुठीत घेऊन. तिच्या कमाईच्या मानाने तो शिलिंग म्हणजे लक्षाधीशाने साठ-सत्तर गिन्या मोजण्यासारखे आहे, हा हिशेब खुद्द हिगिन्सच मांडतो. तिला जन्मजात डौल देऊन टाकला की या शिलिंगाला किंमत उरत नाही.

म्हणून हा चित्रपट वर्गात दाखवू नये असे नाही, अवश्य दाखवावा. पण त्याआधी नाटक वाचून घ्यावे, शक्य तर १९३८ चा चित्रपट पाहावा, आणि नंतर 'ती फुलराणी'कडे यावे. प्रत्येक वेळी पहिल्या प्रवेशापाशी थांबून विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : ही मुलगी उद्या आपल्या वर्गात येऊन तुमच्या शेजारच्या बाकावर बसली, तर तुम्ही सरकून जागा द्याल की दुसरा बाक शोधाल? हेपबर्नला सगळेच जागा देतील. शॉच्या एलायझाला आणि पुलंच्या मंजुळेला ती मिळते का, ते पाहावे. आणि उत्तर देताना कोण अडखळते, याकडे शिकवणाऱ्यांनी आधी स्वतःपासून लक्ष द्यावे.